पायी दहा मिनिटं

लोणावळ्यात मी अकरा वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढली. समोरच्या चार मजली इमारतीत सोळा फ्लॅट होते आणि त्यांतल्या चौदांना सोमवार ते शुक्रवार कुलूप असे. मालक मुंबईचे. ते शुक्रवारी यायचे, शनिवारभर गॅलरीत बसून ‘काय हवा आहे’ म्हणायचे आणि रविवारी ती हवा तिथंच ठेवून परत जायचे. उरलेले पाच दिवस ती आम्ही वापरायचो. मला त्यात गैर काही वाटत नव्हतं. मी एका छोट्या वाचनालयात ग्रंथपाल आहे, वाचनालय घरापासून चालत सात मिनिटांवर होतं, आणि माझ्या पगारात जेवढं लोणावळं परवडायचं तेवढं माझ्या वाट्याला आलेलं होतं.

मार्च संपता संपता घरमालकीण काकू वाटीभर शिरा घेऊन वर आल्या, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. अकरा वर्षांत सत्यनारायण सोडून त्यांनी कधी शिरा दिला नव्हता.

“तुम्हाला जा म्हणायला जीभ रेटत नाही,” त्या म्हणाल्या, “पण मुलगा म्हणतो, वरखाली मिळून होमस्टे करू. तुम्ही महिन्याला देता ते एका शनिवार-रविवारात निघतं.”

हे खरं होतं, त्यामुळे भांडायची सोय नव्हती. मे अखेर खोल्या रिकाम्या करायच्या असं ठरलं. मी शिरा खाल्ला. चांगला झाला होता.

माझ्यासोबत आबा राहतात, म्हणजे माझे वडील. वय एकोणऐंशी. आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते आणि बरीचशी नोकरी मावळातल्या आडगावच्या गाड्यांवर झाली. आई गेल्यावर, चार वर्षांपूर्वी, ते माझ्याकडे आले. आमचं फार पटतं असं नाही. ते पेपर मोठ्यानं वाचतात, अगदी निविदासुद्धा, आणि मी केलेल्या आमटीला रोज ‘आज जरा बरी’ म्हणतात. सकाळी साडेनऊला अंघोळ, पूजा, चहा आटोपला की पेपर आणायला जातात. वाचनालयात सहा पेपर येतात, त्यांतला एक मी आणते म्हटलं तर त्यांना तो चालत नाही. लोकांनी हाताळलेला पेपर म्हणजे त्यांच्या लेखी उष्टं ताट.

मला एक धाकटा भाऊ आहे. तो वाकडला तेराव्या मजल्यावर राहतो, आंबे पाठवतो, दर रविवारी फोन करतो. खोल्या सोडायच्यात हे कळल्यावर तो म्हणाला, “ताई, आता आबांना मी नेतो. तुला एकटीला काय, एखादी खोली कुठंही मिळेल.”

त्याचं चूक नव्हतं. माझ्या भावाचं सहसा चूक नसतं, हीच त्याची अडचण आहे. मी काही बोलणार तेवढ्यात आबांनी फोन माझ्या हातातून घेतला.

“ज्या घरातनं मला माजा पेपर माज्या पायानं आनता यील, त्या घरात मी ऱ्हाईन,” ते म्हणाले. “तुज्याकडं जमलं तर तुज्याकडं, हिच्याकडं जमलं तर हिच्याकडं.”

“आबा, माझ्याकडं पेपर दारात येतो.”

“मग आनायचा काय?”

शेवटी ठरलं ते असं. मे अखेरपर्यंत मी घर शोधायचं. जूनच्या पहिल्या सोमवारी, म्हणजे माझ्या सुट्टीच्या दिवशी, भाऊ येऊन बघणार. त्या घरातून आबा स्वतः चालत जाऊन पेपर आणू शकले तर राहतील, नाहीतर त्याच्या गाडीत बसतील. भावानं हे अगदी प्रेमानं सांगितलं. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. मला आबा हवे होते. संध्याकाळी कुलूप काढून आत जाण्याऐवजी ‘आज उशीर केलास’ असं कुणीतरी म्हणेल अशा घरात जाण्याची मला सवय लागली होती, आणि पन्नाशीत लागलेली सवय सुटत नाही.

घर शोधायला निघाल्यावर मला पहिला शोध लागला तो हा, की सगळे मला घराआधी गाडीबद्दल विचारतात. कोणती गाडी, कुठं लावणार, किती लावणार. गाडी नाही म्हटलं की समोरचा माणूस क्षणभर थांबतो आणि मग आवाज उतरवून, दुखवट्याला आल्यासारखा, ‘टू-व्हीलर असेल ना पण?’ असं विचारतो. टू-व्हीलरही नाही. एकदा शिकले होते, वलवणच्या उतारावर पडले, आणि तेव्हापासून स्कूटरचा आणि माझा अबोला आहे. मोटारीत जास्त वेळ बसले की मला गाडी लागते. मी चालते, नाहीतर लोकलनं जाते. हे मी इतक्या वेळा सांगितलं की मलाच तो गुन्हा वाटायला लागला.

लोणावळ्यातल्या एजंटनं आपल्या गाडीतून मला घरं दाखवली. तिशीचा मुलगा, डोक्यावर गॉगल, बोलायला गोड. प्रत्येक घर त्याच्या म्हणण्याप्रमाणे स्टेशनपासून पाच मिनिटांवर होतं. तिसऱ्या घराला मी म्हटलं, “आपण इथून स्टेशनपर्यंत चालत जाऊ.” त्याला ती गंमत वाटली. त्यानं गाडी सावलीत लावली, मी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि आम्ही निघालो. पहिली दहा मिनिटं तो मला लोणावळ्याचं भविष्य सांगत होता. पुढची दहा मिनिटं तो फक्त चढ, खड्डे आणि मे महिना यांच्याबद्दल बोलत होता. पस्तिसाव्या मिनिटाला स्टेशन आलं तेव्हा तो बोलत नव्हता. मग त्याला गाडी आणायला पुन्हा वर जावं लागलं, आणि तो गेला तो रिक्षानं.

तरीही त्यानं माझा नाद सोडला नाही, हे त्याचं कौतुक. दोन दिवसांनी फोन आला. “मॅडम, तुमच्यासाठीच घर आहे. स्टेशनला खेटून, तळमजला, तुमच्या बजेटमध्ये.”

मी धावत गेले. घर खरोखर तसंच होतं. दोन पायऱ्या उतरलं की रस्ता, रस्त्यापलीकडे पेपरवाला. मी मनातल्या मनात आबांची खाट खिडकीशी लावून टाकली.

“फक्त एक आहे,” तो म्हणाला. “सोमवार ते शुक्रवार तुमचं. शनिवार-रविवार गेस्ट येणार. तुमचं सामान एका कपाटात राहील, त्याला ते हात लावणार नाहीत.”

“आणि आम्ही कुठं जायचं?”

“विकेंडला तुम्हीपण कुठंतरी जात असालच की, मॅडम.”

अख्खी मुंबई विकेंडला लोणावळ्याला येते. लोणावळ्याच्या माणसानं विकेंडला कुठं जावं याचा विचार मी त्या रिकाम्या खोलीत उभ्याउभ्या, अगदी मनापासून, दोन मिनिटं केला. घर इतकं चांगलं होतं. मग शनिवारी-रविवारी वाचनालय उघडं असतं हे आठवलं आणि मी भानावर आले.

मग मी लोकलच्या रुळांबरोबर खाली सरकायला लागले. मळवली, कामशेत, कान्हे. घाटापासून जितकं लांब तितकी हवा साधी आणि भाडं माणसात येतं. कामशेतच्या पुढे शेतांच्या मधोमध एक मोठी सोसायटी होती. कमान, कारंजं आणि कारंज्यात पाणी नाही, असा सगळा थाट. भाडं परवडण्यासारखं, वर दोन गाड्यांचं झाकलेलं पार्किंग भाड्यातच. “आम्हाला गाडी नाही, पार्किंग वगळून काही कमी करा,” असं मी म्हटलं तर मालक म्हणाले, “पार्किंग वगळता येत नाही, ते घराचाच भाग आहे.” घरी येऊन आबांना सांगितलं. ते म्हणाले, “घे की. मी खाट टाकून बसंन तितं.”

गुरुवारी गेले होते तेव्हा सोसायटीच्या कमानीपासून स्टेशनला दर दहा मिनिटांनी टमटम मिळत होती. आबांनी टमटमनं जाऊन पेपर आणला तर तो पायानं आणला असं धरायचं का, यावर मी बरंच डोकं चालवलं. टमटमपर्यंत तर पायानंच जायचं, असा मुद्दा मी भावासाठी तयारही ठेवला. पण कमानीशी भाजी घेऊन बसलेल्या मावशीनं मला वाचवलं. मी तिच्याकडून मेथी घेताना सहज म्हटलं की आम्ही इथं राहायला येतोय, टमटमची सोय चांगली आहे.

“शनवारी येऊन बगा,” ती म्हणाली. “शनवारी-आइतवारी हितं एक टमटम गावायची न्हाई. समद्या लोनावळ्याला आन् पवनेला जात्यात, पाव्हन्यांस्नी घिऊन. आमी बाजाराला चालतच जातो.”

म्हणजे जे पाहुणे शनिवार-रविवारी माझं घर घेणार होते, तेच इथं माझी टमटमही घेत होते. त्यांच्याबद्दल माझ्या मनात एक प्रकारची जवळीक निर्माण व्हायला लागली.

मे अर्धा होत आला तेव्हा मी वडगावला उतरले. वडगाव मावळ हे तालुक्याचं गाव. तहसील आहे, कोर्ट आहे, बाजार आहे, आणि बघण्यासारखं काही नाही, त्यामुळे कुणी बघायला येत नाही. हाच त्या गावाचा सगळ्यात मोठा गुण आहे हे मला उतरल्या उतरल्या कळलं. बाजाराच्या टोकाला एका हार्डवेअरच्या दुकानामागे तीन खोल्या रिकाम्या होत्या. मालक म्हणजे दुकानाचेच चाचा, पांढरी दाढी, बोलणं मोजकं. त्यांनीही पहिला प्रश्न तोच विचारला.

“गाडी आहे का?”

“नाही,” मी म्हटलं आणि जायला वळलेच.

“बरं झालं,” चाचा म्हणाले. “अंगणात एकच गाडी मावते, ती माझा टेम्पो. मागच्या भाडेकरूनं मोटार घेतली आणि रोज सकाळी भांडण. मी नमाज पढून येतो तर हा हॉर्न वाजवतोय. तुम्ही कधी येताय?”

गाडी नसणं ही माझी पात्रता ठरण्याची ही पहिलीच वेळ. चाचींनी खोल्या दाखवल्या, पाणी कधी येतं ते सांगितलं आणि चहा केला. परत जाताना मी घड्याळ लावून चालले. स्टेशनाबाहेरच्या पेपरच्या टपरीपर्यंत मला बारा मिनिटं लागली. रस्ता सपाट, हायवे ओलांडायचा नाही. मी आनंदात लोकल धरली.

पण शेवटचा शब्द आबांचा. मंगळवारी मला कामावरून निघता येईना, तर ते म्हणाले, “पाय माजं हायत, मीच बगून येतो.” सकाळच्या लोकलनं ते एकटे गेले. दुपारच्या वेळी या मार्गाला लोकल फारशा नसतात, त्यामुळे परत आले ते चार वाजून गेल्यावर, शर्ट पाठीला चिकटलेला, चेहरा लाल.

“धा मिन्टं,” ते म्हणाले. “दारापासनं पेपरवाल्यापतुर. कुटं टेकाय बी लागलं न्हाई.”

मला बारा लागली होती. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला दहा कशी लागली, हा प्रश्न मला पडायला हवा होता. दीड महिना मी एजंटांना घड्याळ दाखवत फिरत होते, आता हवं ते उत्तर मिळाल्यावर घड्याळ पदराखाली झाकलं. शिवाय हे सांगणारा माणूस कोण? नोकरीत असताना एका म्हातारीला चुकून पुढच्या गावाचं तिकीट फाडलं म्हणून दुसऱ्या दिवशी तिच्या दारात जाऊन सुटे पैसे देऊन आलेला कंडक्टर. मी भावाला फोन केला आणि ठणकावून सांगितलं, “घर मिळालं. पेपर दहा मिनिटांवर आहे.” तो बरं म्हणाला.

चाचांच्या टेम्पोतून सामान आलं. मी सकाळी आठच्या सुमाराला लोकल धरायची, आबा साडेनऊला पेपरला जायचे. संध्याकाळी मी आले की ते दारातल्या खुर्चीत असायचे आणि ‘आज उशीर केलास’ म्हणायचे. सगळं कसं जागच्या जागी. पुढच्या सोमवारी मात्र मी घरी होते. ते साडेनऊला निघाले. साडेदहा झाले, अकरा झाले. मी चप्पल घातली आणि शोधायला निघाले.

ते मला लांबूनच दिसले. पेपर काखेत मारून टपरीकडून येत होते. मी हाक मारणार होते, पण तेवढ्यात त्यांनी विजेचा खांब धरला. लहान मूल आईचा पदर धरतं तसा, मुठीत. थोड्या वेळानं सुटले, पन्नासएक पावलं चालले आणि तहसीलसमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देणाऱ्या एका गृहस्थांच्या स्टुलावर बसले. मी समोरच्या स्टेशनरीच्या दुकानात शिरले आणि नको असलेली वही बघत उभी राहिले. तिथून उठले ते चहाच्या गाडीपाशी बसले, मी अंतर राखून मागे. तिथून उठले ते पिठाच्या गिरणीतल्या बाकावर. मग चाचांच्या दुकानात, पोत्यावर. माझी तोवर तीन वह्यांची खरेदी झाली होती.

ते घरात गेल्यावर मी अर्ज लिहिणाऱ्या काकांकडे गेले आणि आबांची मुलगी म्हणून सांगितलं.

“हो का,” ते म्हणाले. “पहिल्यांदा आले त्या दिवशी तर मी घाबरलो होतो. घामानं डबडबले होते. पाणी दिलं, अर्धा तास बसवून ठेवलं. जाताना म्हणाले, हितं बसलो हे कुणाला सांगू नका.” मग जरा थांबून म्हणाले, “तुम्हाला सांगितलं तर चालत असेल बहुतेक.”

मला राग आला. आधी त्यांचा आला, मग माझा. एजंटांच्या पाच मिनिटांवर मी तोंडसुख घेत होते आणि माझ्या घरातला माणूस त्यांना मागे टाकून बसला होता. आणि रागाच्या तळाशी एक गोष्ट होती, तिच्यामुळे मला रस्त्यातच रडू आलं. आबांनी, ज्यांनी आयुष्यात एका पैशाचं खोटं केलं नाही त्यांनी, माझ्याकडे राहता यावं म्हणून खोटं सांगितलं होतं. ‘आज जरा बरी’ एवढंच म्हणणाऱ्या माणसानं.

घरी जाऊन मी काहीच बोलले नाही. भावालाही कळवलं नाही. गप्प बसणं हेही खोटंच असतं, हे कळण्याइतकी पुस्तकं माझ्या हाताखालून गेली आहेत, तरी मी गप्प बसले. रोज लोकलमध्ये बसून मात्र एकच विचार. सोमवारी भाऊ आबांबरोबर चालणार. त्याला काय दिसणार? खांबाला धरलेला म्हातारा दिसणार. आणि मग तो प्रेमानं गाडीचं दार उघडणार.

जूनचा पहिला सोमवार आला. भाऊ सकाळीच हजर. त्याची गाडी अंगणात मावत नव्हती म्हणून लांब बाजारात लावून आला, त्यामुळे सुरुवातच तक्रारीनं झाली. पुढच्या सीटवर त्यानं आबांच्या पाठीसाठी नवी उशी ठेवली होती, असं त्यानं सांगितलं. चहा झाला. आबांनी टोपी घातली.

“चल,” ते म्हणाले, “पेपर आनू.”

आम्ही तिघं निघालो. चाचांच्या दुकानापाशी पोचतो न पोचतो तोच आतून हाक आली.

“आबा, असे कसे पुढं जाता? या, टेका.”

“पोराला घाई हाये,” आबा म्हणाले आणि बसले. चाचांनी भावाचीही चौकशी केली, काय काम करतो, मुलं किती. पाच मिनिटांनी उठलो. गिरणीवाल्यानं पिठाच्या हातानंच बाक झटकला आणि बसा म्हणाला. चहाच्या गाडीवर तर आम्ही बसण्याआधी तीन कप भरलेले होते. तालुक्याच्या गावाची ही एक रीत आहे. ओळखीचा माणूस दारावरून जात असेल तर त्याला बसवल्याशिवाय पुढे जाऊ देणं म्हणजे त्याचा अपमान. लोणावळ्यातही दारावरून जाणाऱ्याला हाका मारतात, पण तिथं चिक्की घ्यावी लागते.

तहसीलपाशी आलो. अर्ज लिहिणाऱ्या काकांच्या टेबलाशी वडिवळ्याकडची एक म्हातारी उभी होती. काकांनी स्टूल आबांकडे सरकवलं.

“आबा, बरे आलात. या मावशींच्या वाडीचं नाव सातबारावर वेगळं आणि आधारवर वेगळं आहे. कुठलं खरं?”

आबांनी दोन्ही कागद वाचले आणि म्हातारीकडे निरखून पाहिलं. “वड्याच्या अलीकडं उतरायचा तुमी, का पलीकडं?”

“पलीकडं, आंब्यापाशी.”

“मग सातबारा बराबर हाये. आधारवाल्यानं चुकीवलंय.”

म्हातारी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. “तुमी आमच्या गाडीला हुता न्हवं? माजी थोरली प्वार अडली हुती तवा गाडी दवाखान्यापतुर न्हेलती तुमी.”

“डायवरनं न्हेली,” आबा म्हणाले. “मी घंटी मारली.”

भाऊ उभा होता. स्टूल एकच होतं. त्यानं फोन काढला, बघितला, परत खिशात ठेवला. आबा तिथं चांगली पंधरा मिनिटं बसले आणि त्या वेळात आणखी दोघांच्या गावांची नावं त्यांनी निस्तरली. इंदुरीच्या एका माणसानं तर त्यांना पुढच्या सोमवारची वेळ मागितली. मग उठले. आम्ही खांबाजवळ आलो. आबांनी भावाचा दंड धरला. जाताना सहज धरावा तसा धरला आणि टपरी येईपर्यंत सोडला नाही.

पेपर घेऊन घरी परतलो तेव्हा येता-जाता मिळून दीड तासाच्या वर झालं होतं. भावाच्या शर्टाला घाम सुटला होता. आबा आत जाऊन खाटेवर टेकले. भाऊ मला म्हणाला, “ताई, गाडीपर्यंत चल.”

गाडीपाशी आल्यावर त्यानं किल्ली काढली, दार मात्र उघडलं नाही.

“जाताना चार ठिकाणी बसले. येताना चार. मी मोजलं.”

“हो,” मी म्हटलं.

“तू दहा मिनिटं म्हणाली होतीस.”

“मला त्यांनी सांगितलं होतं. नंतर कळलं, तेव्हा तुला सांगितलं नाही.”

त्यानं बाजाराकडे बघितलं. मी मनात वाक्यं जुळवत होते. डॉक्टर जवळ आहेत, चाची दुपारी डोकावतात, मी कामाची वेळ बदलून घेईन. सगळी वाक्यं माझी मलाच लंगडी वाटत होती.

“सात वर्षं झाली त्या सोसायटीत,” तो म्हणाला. “लिफ्टनं उतरतो, गाडीत बसतो. रात्री गाडीतून उतरतो, लिफ्टमध्ये शिरतो. मला अजून कुणी बस म्हणालं नाही, ताई. त्यांना कोण म्हणणार?”

त्याचं याही वेळी चूक नव्हतं. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. लहानपणानंतर घेतलं नव्हतं, म्हणून हात उचलला आणि त्याच्या खांद्यावरचं गिरणीतलं पीठ झटकलं. उशी राहू दे म्हणून त्यानं ती माझ्या हातात दिली आणि तो गेला.

घरी आले तर आबा खाटेच्या काठावर तसेच बसले होते. टोपी डोक्यावर, पायात चपला.

“गेला?”

“गेला.”

“मला न न्हेता?”

“न नेता.”

त्यांनी मान हलवली. मग पायानंच खाटेखालून कापडी पिशवी पुढे ढकलली. तोंडाला दोरी बांधलेली, ठासून भरलेली. खोलीत जे जागेवर नव्हतं ते सगळं आत होतं: दोन धोतरं, शर्ट, औषधाचा डबा, आणि फटीतून दिसणारा, पंच्यात गुंडाळलेला आईचा फोटो सगळ्यात वर. पहाटे मी पाणी भरत होते तेव्हा त्यांनी ती भरली असणार. चालता येणार नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं, तरी टोपी घालून ते निघाले होते.

मी दोरी सोडायला बसले. गाठ घट्ट होती आणि मला नीट दिसत नव्हतं.

“सावकाश,” आबा चपला काढत म्हणाले. “आदी तुजी आई काड, मंग बाकीचं.”